पाऊण तासाची फूट

मगदुमांचं घर मी फोडलं. पाच भाऊ, एकतीस माणसं, एक चूल. तीन पिढ्यांत जे कुणाला जमलं नव्हतं ते मी केलं, आणि ते घर चांगलं पाऊण तास फुटलेलं राहिलं.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरा. मीही लिहिलं नाही असं धरतो. असं काही झालेलंच नाही. कासेवळणात कुणालाही विचारा.

तर, काहीच झालेलं नसताना, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी मगदुमांच्या सोप्यात पंगतीला बसलो होतो. जैनांचं घर, त्यामुळे दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची घाई. माझ्या उजव्या हाताला तिसरा मगदूम जिनगोंडा, डाव्या हाताला चौथा भूपाल. थोरल्या भावाची बायको आक्काताई आमटी वाढत होती. तेवढ्यात पावसानं उशीर झालेला पोस्टमन दारात उभा राहिला, "मगदूम, पाच पाकिटं!" म्हणाला, पाकिटं दिली आणि पाय धुऊन तोही पंगतीत बसला. त्या घरात पत्र द्यायला आलेला माणूस जेवल्याशिवाय परत गेल्याची नोंद नाही.

पाकिटं मी लांबूनच ओळखली. मीच लिहिली होती. पाच भावांना पाच, बिननावाची, डाव्या हातानं लिहून तालुक्याच्या पोस्टात टाकलेली. माझा बेत साधा होता. प्रत्येक भाऊ आपापलं पत्र गुपचूप वाचणार, बायकोला दाखवणार, दोघं कुजबुजणार, आणि दसऱ्यापर्यंत त्या सोप्यात पाच चुली पेटणार.

इतकी वर्षं तिथं जेवून मला एक गोष्ट ठाऊक नव्हती, कारण माझ्यासमोर कधी पत्रच आलं नव्हतं. त्या घरात पत्र कुणाच्याही नावचं असो, ते पंगतीत मोठ्यानं वाचायचं.

"वाच रे भरतेश," थोरले बाबगोंडा आण्णा म्हणाले.

भरतेश सगळ्यात धाकटा. आवाज असा की शेतातून बोलला तर गावात म्हैस दूध चोरते. त्यानं पहिलं पाकीट फोडलं. "जिनूदादा, तुझं हाय. 'जिनगोंडा, तुझी बायको रोज चाळीस भाकऱ्या थापते. थोरली नुसती वाढत फिरते. तुझे डोळे फुटले आहेत काय?'"

मी ताटातल्या मिठाकडे बघत राहिलो. मनातल्या मनात म्हटलं, लागली वात.

"चाळीस न्हाईत," आतून जिनगोंडाच्या बायकोचा आवाज आला. "बावन्न."

आक्काताईनं आमटीचं भांडं खाली ठेवलं. "बावन्न थापतीस? मनगट गेलं न्हाई व्हय गं तुझं? बोलायचं न्हाई का? उद्यापासनं मी थापते, तू वाढ."

"तुमच्या भाकरीला कड येते आक्का."

"येऊ दे. खातील कडंची."

भरतेशनं दुसरं फोडलं. "भूपालदादा. 'मोटरसायकल थोरल्याच्या नावावर, पंक्चर मात्र तू काढतोस. तू भाऊ आहेस की गडी?'"

भूपालनं घास थांबवून विचार केला. "खरं हाय," तो म्हणाला. "पण दुसऱ्या कुणी काढलं तर परत बसतंय."

तिसऱ्या पत्रानं त्यांच्या ध्यानात आलं की दुसऱ्या भावाच्या पोरीला शाळेला जायला छत्री नाही. ती तिथल्या तिथं मिळाली. चौथ्या पत्रातला एक टोमणा पोस्टमनला इतका आवडला की त्यानं पुन्हा वाचायला लावला. पाचवं पत्र आण्णांना होतं. त्यात लिहिलं होतं की धाकटे तुमच्या मरणाची वाट बघत आहेत. आण्णांनी पंगतीवरून नजर फिरवली. पाचातले चौघे ताक मागत होते.

"लिहिणाऱ्याला घराची बारीक माहिती हाय," आण्णा म्हणाले. "नाव घातलं असतं तर जेवायला बोलावला असता."

मला ठसका लागला. जिनगोंडानं पाठ थापटली, भूपालनं पाणी दिलं, आक्काताईनं "वर बघ, वर बघ" म्हटलं. त्या घरात ठसकासुद्धा माणसाला एकट्याला लागू देत नाहीत.

आता मी असं का केलं, ते सांगतो. त्यासाठी आमचं घर सांगावं लागेल.

आमचं आडनाव चौगुले. घरात दोन भाऊ: थोरला माझा बाप शांतिनाथ, म्हणजे तात्या, आणि धाकटा माझा चुलता नेमिनाथ, म्हणजे आप्पा. त्या पत्रांच्या नऊ वर्षं आधी एका लग्नात आहेर करताना धाकट्याला फेटा बांधला आणि थोरल्याला टोपी दिली. तात्या ताटावरून उठले. त्या दिवसापासून दोघं बोलत नव्हते आणि सहा महिन्यांत वाटणी झाली. खालचा मजला आणि जिना आम्हाला, वरचा मजला आप्पांना. आता जिना आमचा असल्यामुळे आप्पा बाहेरून शिडी लावून वर जायचे. आणि वरचा मजला आप्पांचा असल्यामुळे आमचा जिना कुठंच जात नव्हता. आम्ही त्याच्यावर मिरच्या वाळत घालायचो.

शेवटी उरली काईल. काईल म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची लोखंडी कढई, आठ-दहा माणसं आरामात मावतील एवढी. पूल नव्हता तेव्हा आमच्याकडचे लोक काईलीत बसूनच वारणा ओलांडायचे. आजोबांचं गुऱ्हाळ बंद पडलं होतं, काईल मात्र धडधाकट होती. ती कुणाकडे जावी यावर पंच चार दिवस बसले. पाचव्या दिवशी गॅसकटर आला.

वेल्डरनं तीनदा विचारलं, "नक्की कापू?"

"सन्मती," तात्या मला म्हणाले, "त्याला सांग, बरोबर मधून काप म्हणावं."

"सन्मती," आप्पा म्हणाले, "त्याला सांग, कड्या दोन्हीकडे एकेक आल्या पाहिजेत."

सन्मती मी. दोघं पाच फुटांवर उभे असले तरी सगळं बोलणं माझ्यातून जायचं. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. माझ्या वयाची पोरं ट्रॅक्टर शिकली, मी हे शिकलो. त्या अर्ध्या काईलीत आमच्या म्हशी पाणी प्यायच्या, दुसऱ्या अर्धीखाली आप्पांची न्हाणी होती. गावात धड काईल एकच राहिली, मगदुमांची.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मी पंचवीस वर्षांचा झालो आणि मला सोयरिकी येऊ लागल्या. पहिले पाहुणे आले, त्यांनी शिडी बघितली, जिना बघितला, अर्धी काईल बघितली. मुलीच्या मामानं मला विचारलं, "ह्या घरात सून कुठनं आत येती?" मी म्हटलं, "कुणाच्या वाटणीची त्यावर हाय." पाहुणे उठले. गावात परगावचं माणूस उपाशी जाऊ द्यायचं नाही म्हणून मगदुमांनी त्यांना जेवायला नेलं. आठवड्यानं कळलं, त्या मुलीची सुपारी आण्णांच्या थोरल्या मुलाशी फुटली. दुसऱ्या खेपेला दुसरे पाहुणे आले. ती मुलगी दुसऱ्या भावाच्या मुलाला गेली. तिसरे पाहुणे आले ते आमच्याकडे थांबलेच नाहीत. वाट विचारायला म्हणून दारात आले, "मगदूम कुठं राहतात?"

त्या लग्नांत मी पंगती वाढल्या. आई म्हणायची, "बघ, शीक कायतरी." आणि रोज संध्याकाळी पाय मला त्याच सोप्यात घेऊन जायचे, कारण आमच्याकडे तात्या जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि वर आप्पांच्या पाटाचा आवाज आला की आमटी सोडून द्यायचे. मगदुमांच्या पंगतीत एकतीस ताटांच्या शेजारी बत्तिसावं ताट मांडलेलं असायचं. कुणी 'ये' म्हणायचं नाही, 'का आलास' म्हणायचं नाही. हे मला सहन व्हायचं नाही. हाकललं असतं तर मी कधीच पत्रं लिहिली नसती.

आणि ऑगस्ट लागताच नदी आली.

दोन दिवस वर धरणाचं पाणी सोडत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दवंडीच्या रिक्षेनं सांगितलं की वळणावरची घरं रिकामी करा, आणि ती रिक्षाच चिखलात रुतली. मगदुमांचं घर टेकावर. सगळं गाव तिकडे निघालं. त्या एका चुलीवर दीडशे माणसांचा पिठलं-भात शिजायला लागला आणि पाचही भाऊ काईल घेऊन खाली उतरले.

मी टेकावरून बघत होतो. चौघं चार अंगांना वल्ही घेऊन, भरतेश मध्ये उभा राहून लांब कळक टेकवत. काईल गोल. तिला पुढं-मागं नसतं. चौघांचा हात सारखा पडला तरच ती सरळ जाते, एकानं जरा जोर जास्त लावला की गरगर फिरते. मागे एकदा याच काईलीत दोन गल्ल्यांच्या चार-चार तगड्या गड्यांनी प्रयत्न केला होता. ते अर्धा तास एका जागी फिरले आणि ओकून बाहेर आले. मगदुमांची वल्ही अशी पडत होती की एकाच माणसाला आठ हात असावेत. म्हाताऱ्या आल्या, शेळ्या आल्या, बाळंतीण आली, शाळेची घंटा आली. दुपारपर्यंत त्यांनी सत्तर माणसं आणली. लोक हात जोडत होते. मी पण जोडले. मनात म्हणत होतो, निदान एकदा तरी वल्हं चुकू दे ह्यांचं.

तीन वाजता लक्षात आलं की आमच्या घरातल्या दोघी आल्याच नाहीत.

तात्या आणि आप्पा सकाळीच आपापल्या म्हशी घेऊन वर आले होते, अर्थात वेगवेगळ्या वाटांनी. तात्यांना वाटलं बायको मागून येतेय. आप्पांनाही तेच वाटलं. खरी गोष्ट भरतेशनं घराजवळून जाताना विचारून आणली होती. पाणी यायला लागलं तेव्हा आई म्हणाली, आधी ती निघू दे. काकू म्हणाली, आधी तिला निघू दे. घर आधी सोडलं तर हक्क सोडल्यासारखं होतं. तोवर आप्पांची शिडी वाहून गेली. पाणी वाढलं तशी आई मिरच्या बाजूला सारत जिना चढत गेली आणि अगदी शेवटच्या पायरीवर जाऊन बसली. त्याच्यापुढं आप्पांचा मजला.

"मी म्हटलं, काकी, वर जावा की," भरतेश सांगत होता. "तर म्हणतात, शेवटची पायरी आमची हाय, तिथवर मी बसनार. पाणी सहाव्या पायरीला हाय."

"मग आणल्या का न्हाईस?" तात्या ओरडले.

"काईल भरली होती. आता जाऊ की."

आणि इथंच ते झालं, जे झालेलं नाही.

भूपालनं वल्हं चिखलात फेकलं. "मी न्हाई जात," तो म्हणाला. "मोटरसायकल ह्यांच्या नावावर, पंक्चर काढायचं मी. मी भाऊ हाय का गडी?"

"आवाज खाली," आण्णा म्हणाले.

"का खाली?" जिनगोंडा पुढं झाला. "माझी बायको चाळीस भाकऱ्या थापती..."

"बावन्न," त्याची बायको म्हणाली.

"...बावन्न थापती, आणि तुमची नुसती वाढत फिरती! माझे डोळे फुटलेले न्हाईत!"

"तुम्ही माझ्या मरणाची वाट बघताय," आण्णा म्हणाले, "ठाऊक हाय मला!"

मला ती वाक्यं ओळखीची वाटली. माझीच होती. एकेक शब्द मी डाव्या हातानं लिहिलेला. आठवडाभर मुरून पत्रं लागू पडली होती! दीडशे माणसांसमोर मगदुमांचं घर फुटत होतं, आणि मी अगदी पहिल्या रांगेत उभा होतो. आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. तो साधारण दोन श्वास टिकला. तिसऱ्या श्वासाला मला आठवलं की माझी आई शेवटच्या पायरीवर आहे.

"आण्णा," मी म्हटलं, "ते मागनं भांडा की. माझी आई..."

"ह्याच्याबरोबर मी काईलीत पाय ठेवणार न्हाई," आण्णा म्हणाले आणि तरातरा गोठ्याकडे गेले. जिनगोंडा विहिरीकडे गेला. भूपाल घरामागं गेला. दुसरा भाऊ माळवदावर चढला. बायका तोंड फिरवून आत गेल्या. घराच्या चारी दिशा झाल्या. काठावर रिकामी काईल, चार वल्ही, आणि दोन माणसं राहिली ज्यांनी लहानपणी आजोबांची काईल वल्हवली होती.

तात्यांनी आप्पांकडे बघितलं नाही. आप्पांनी तात्यांकडे बघितलं नाही. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"सन्मती," तात्या म्हणाले, "त्याला सांग, मी एकटा जाऊन येतो."

"सन्मती, त्याला सांग, एकट्यानं काईल जात न्हाई. फिरती."

"सन्मती, त्याला सांग, मला ठाऊक हाय."

हे जरा वेळ चाललं. कोण कुठल्या अंगाला बसणार यावर एकदा, आधी कोण चढणार यावर दोनदा. शेवटी दोघं एकदम चढले. मला मध्ये वजन म्हणून बसवलं. तेवढ्यात भरतेश तणतणत आला. "जावा, जावा, आमच्या भरवशावर राहू नका," असं पुटपुटत खाली वाकला, कडीपाशी काहीतरी खुडबुडला, आणि एवढ्या जोरानं काईल ढकलली की मी आडवा झालो.

आम्ही फिरायला लागलो.

तात्यांचा हात जड, आप्पांचा चपळ. काईल जात्यासारखी फिरत होती. माझ्या डोळ्यांसमोरून आधी टेक जायचं, मग आमचं घर, मग नदी, मग परत टेक.

"सन्मती, त्याला सांग, डाव्या अंगानं मार."

"आप्पा, डाव्या अंगानं मारा म्हणतात."

"सन्मती, त्याला सांग, काईलीला डावं अंग नसतं. गोल हाय ती."

"तात्या, गोल हाय म्हणतात."

"सन्मती, त्याला सांग, गोल हाय ते मला शिकवू नको. मी थोरला हाय."

आप्पांचं वल्हं क्षणभर थांबलं. "सन्मती," ते जरा हळू म्हणाले, "त्याला सांग, फेटा मी मागितला नव्हता. बांधणाऱ्यानं बांधला."

टेक गेलं, घर गेलं, नदी जरा जवळ आल्यासारखी दिसली.

"सन्मती, त्याला इचार, मग काढला का न्हाई?"

"सन्मती, त्याला सांग, काढतच होतो. माझ्या डोक्यावरनं काढून त्याच्या डोक्याला बांधणार होतो. तर हा ताटावरनं उठून चालता झाला. अर्धा फेटा हातात घेऊन मी उभा. माणसं हसत होती."

हे मी तात्यांना सांगायला तोंड उघडलं. पण ते सांगणं राहूनच गेलं, कारण आम्ही घराच्या रांगेपासून बाजूला आलो होतो आणि खरा प्रवाह समोर होता. तांबडा, जाड, आणि त्यातून मुळासकट एक बाभळ आडवी आमच्याकडे येत होती.

"नेम्या!" तात्या किंचाळले. "उलटं मार! उलटं!"

"मारतोय की! तू थांबव तुझं!"

"दम धर. माझ्याबरोबर. हं!"

"हं!"

"हं!"

काईलीला एक हिसका बसला आणि ती जागच्या जागी थबकली. बाभळ हातभर लांबून गेली; तिच्यावर बसलेला एक सरडा आमच्याकडे बघत गेला. मग काईल वळली आणि, अशक्य गोष्ट, सरळ निघाली. तात्या 'हं' म्हणायचे, आप्पा 'हं' म्हणायचे. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काही काम उरलं नाही. मला जरा वाईटच वाटलं.

घराशी पोचलो तेव्हा पाणी नवव्या पायरीला होतं. आई शेवटच्या पायरीवर होती. काकू वरच्या मजल्याच्या उंबऱ्याला चिकटून बसली होती. दोघींच्या अंगावर एकच घोंगडं होतं. त्याची वाटणी कशी झाली होती ते मी विचारलं नाही.

"एवढा उशीर?" आई म्हणाली.

"ह्याला सांग..." तात्यांनी सुरू केलं, मग थांबले. "नेम्या, वैनीला हात दे तुझ्या. ही पायरी निसरडी हाय."

आप्पांनी आईला हात दिला. तात्यांनी काकूचं गाठोडं घेतलं. कोण आधी उतरलं ते त्या गडबडीत कुणी बघितलं नाही, आणि आजतागायत त्यावर वाद झालेला नाही.

परत येताना मी टेकाकडे तोंड करून बसलो होतो. म्हणून मला दिसलं. आधी पाण्यातून वर आलेला एक ताणलेला दोर दिसला, काईलीच्या कडीपासून थेट काठापर्यंत. दोर एक नव्हता. म्हशींचे कासरे, विहिरीचा नाडा, मोटरसायकलवर ओझं बांधायची दोरी, माळवदावरची कपड्यांची दोरी, सगळं गाठी मारून एक केलेलं. त्या दोराच्या टोकाला मांडीभर पाण्यात आण्णा उभे होते. त्यांच्या मागं दुसरा, मागं जिनगोंडा, मागं भूपाल, भरतेश, मग आक्काताई पदर खोचून, मग सगळ्या जावा, सुना, लेकरं, आणि सगळ्यात शेवटी पोस्टमन. एकतीस अधिक एक. सगळे एकदम मागं झुकायचे, एकदम हात बदलायचे. कुणी 'हं' म्हणत नव्हतं. त्यांना लागत नव्हतं.

तो हिसका त्यांचा होता.

काईल काठाला लागली. तात्या उतरले ते थेट आण्णांपुढं गेले. "आण्णा, तुमचं भांडण मिटलं काय?"

आण्णांच्या तळहाताची सालटं निघाली होती. ते हात धोतराला पुसत म्हणाले, "कुठलं भांडण? चला, दिवस बुडायला आलाय, पानं वाढली हाईत."

त्या संध्याकाळी माझा बाप आणि माझा चुलता नऊ वर्षांनी एका पंगतीत शेजारी बसले. मी त्यांच्यासमोर बसलो नाही. मी चुलीपाशी आक्काताईला गाठलं.

"आक्का, तुम्हाला कसं कळलं?"

"काय?" ती भाकरी थापत होती. खरंच कड येत होती भाकरीला.

"पत्रं."

"बावन्नाच्या जागी चाळीस लिहिल्यास. पंगतीत बसून मोजल्यास त्या चाळीस. आत गडी-माणसांसाठी बारा बाजूला काढतो, त्या बसलेल्याला दिसत न्हाईत. रोज बसणारा बाहेरचा तू एकटाच." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तालुक्याला जाऊन तिकिटं लावून टाकलीस. इथंच सांगायचं की."

"मग तेव्हाच बोलला का न्हाई?"

"जेवत होतास."

मी चुलीत एक काटकी सारली. "आणि आजचं सगळं आधी ठरवून केलं?"

"कधी ठरवणार? वेळ कुठं होता?" ती म्हणाली. "भूपालनं वल्हं टाकलं, म्हटल्यावर ध्यानात आलं सगळ्यांच्या."

हे ऐकून मला जे वाटलं त्याला कृतज्ञता म्हणायची पद्धत आहे. माझी आई जिवंत होती, बाप आणि चुलता सोप्यात फेट्यावरून मोठ्यानं हसत होते, आणि मी चुलीपाशी बसून जळत होतो. दुसरे लोक एकत्र राहायला जन्मभर धडपडतात. हे पाच जण न ठरवता, न बघता, एका वल्ह्याच्या आवाजावर, एकजुटीनं भांडू शकत होते. मी त्यांच्यावर टाकलेला चिखल त्यांनी गोळा करून आमचं घर लिंपलं होतं. मला त्यांचं काही बिघडवताही येत नव्हतं.

याला आता चौदा वर्षं झाली. आमचा जिना आता वरच्या मजल्यावर जातो. तात्या आणि आप्पा दिवसभर बोलतात, एकमेकांचं न ऐकता. माझंही लग्न झालं. मुलीकडचे लोक जेवायला कुठं होते ते सांगत नाही. गावात पूर, आजारपण, बाळंतपण, निवडणूक, काहीही आलं की लोक अजून टेकाकडे बघतात. मीही बघतो. माझी बायको म्हणते, "बघा, शिका कायतरी."

गेल्या महिन्यात मी एक अर्ज केला. या वेळी उजव्या हातानं, सहीसकट. त्याची प्रत खाली देत आहे.

प्रति, मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी.

विषय: मगदूम कुटुंबाच्या शिधापत्रिकेत नाव समाविष्ट करणेबाबत.

महोदय, अर्जदार सन्मती शांतिनाथ चौगुले, राहणार कासेवळण, वय एकोणचाळीस, स्वतःचे कुटुंब असून ते सुस्थितीत आहे. तथापि सदर मगदूम कुटुंबाचा लाभ संपूर्ण गावास होत असताना त्या कुटुंबात असण्याचा लाभ फक्त त्यांनाच होत आहे, ही बाब अर्जदारावर अन्याय करणारी आहे. अर्जदाराचा त्यांच्याशी रक्ताचा, लग्नाचा अथवा अन्य कोणताही संबंध नाही, हेच अर्जाचे कारण समजावे. तरी मेहेरबानांनी अर्जदाराचे नाव सदर कुटुंबात शेवटच्या क्रमांकावर दाखल करून घ्यावे. आणि ते नियमात बसत नसल्यास, सदर पाच भावांना वर्षातून निदान एकदा, पंचांसमक्ष व खरोखर, भांडण करण्याचे लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.